‘चाळणी हलवावी’

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. हसू नका. चाळणी म्हटले की लोकांना आधी भोकेच आठवतात, हे मला ठाऊक आहे. पण माझी भोके ही माझी उणीव नव्हे, ती माझी नोकरी आहे. घरातल्या चाळणीचे एखादे भोक मोठे झाले तर पिठात थोडा कोंडा येतो आणि कुणाचे काही बिघडत नाही. माझे एक भोक केसभर रुंदावले, तर समुद्राच्या दोन टोकांना राहणारी माणसे एकमेकांना लबाड म्हणू लागतात. म्हणून मी हट्टी झाले. इतकी वर्षे लोटली, पण मी माझे माप सोडलेले नाही आणि पुढेही सोडणार नाही.

मी राहते ती इमारत बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खाली टपाल कचेरी आणि आमचे सभेचे मोठे दालन, वर आम्ही. दारावर ‘तेलबिया व्यापाऱ्यांची जागतिक संघटना’ अशी पाटी आहे. नाव एवढे लांब की पाटी रंगवणाऱ्याला शेवटची अक्षरे दाटीवाटीने बसवावी लागली. आत एक लांब टेबल आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या आहेत आणि कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात मी आहे. आमच्याकडे एक पोतेही विकले जात नाही, एक पोतेही विकत घेतले जात नाही. मग ही माणसे दिवसभर करतात तरी काय, असे तुम्ही विचाराल. खालचे पोस्टमास्तरही आयुष्यभर तेच विचारत राहिले.

तर ऐका. तुम्ही मैदानात खेळायला उतरता, तेव्हा चेंडू भिंतीपलीकडे गेला तर काय धरायचे, हे आधी ठरवता की नाही? न ठरवता खेळायला लागलात तर खेळ कमी आणि भांडण जास्त होते. आमची संघटना हेच ठरवण्याचे काम करते, फक्त तिचे मैदान फार मोठे आहे. एका देशातली माणसे तीळ पिकवतात, दुसऱ्या देशातली विकत घेतात. त्यांची भाषा वेगळी, कायदा वेगळा, आणि ‘स्वच्छ माल’ म्हणजे काय याची कल्पनाही वेगळी. माझ्या जन्माआधी प्रत्येक बंदरात वेगळी चाळणी असे. एका बंदरात पास झालेला माल दुसऱ्या बंदरात कचरा ठरे. शेवटी अनेक देशांचे व्यापारी एकत्र बसले, चिक्कार भांडले, आणि सगळ्यांसाठी एकच चाळणी असावी असे त्यांनी ठरवले. ती एक चाळणी म्हणजे मी.

मला घडवणारा कारागीर मोठा तापट होता. नाकावर माशी बसू देत नसे. पितळेच्या पत्र्यावर पोलादी ठसा ठेवून तो एकेक भोक पाडी. त्याची बायको मात्र त्याच्यापेक्षा वरचढ. ती हातात मापाची सळई घेऊन प्रत्येक भोकात घालून बघे. तिने आधीचे पत्रे सरळ बाजूला सारले होते आणि माझी पाळी आली तेव्हा तो वैतागून गेला होता.

“एवढं काय बघतेस? तीळच चाळायचेत ना?” तो म्हणाला.

“तीळच चाळायचेत म्हणून बघतेय,” ती म्हणाली. “भोपळे चाळायचे असते तर डोळे मिटून हो म्हटलं असतं.”

ती उन्हात बसून मला शेवटच्या भोकापर्यंत तपासत राहिली. मग तिने मान हलवली आणि कारागिराने माझ्याभोवती जाड कडे बसवले. त्याच ठशाने पुढे माझ्या कितीतरी धाकट्या बहिणी घडल्या आणि देशोदेशी गेल्या. मी मूळची, म्हणून संघटनेच्या कचेरीत राहिले. कुठल्याही बहिणीच्या मापाबद्दल शंका आली की तिला माझ्यासमोर आणून पडताळायचे, असा नियम झाला.

माझी देखभाल संघटनेच्या सचिवबाईंकडे होती. त्या उंच, सडपातळ आणि बोलायला सरळसोट. सगळे त्यांना समोर ‘मॅडम’ म्हणत आणि पाठीमागे ‘मोजपट्टी’. मोजपट्टीला ते नाव माहीत होते आणि मला वाटते मनातून आवडतही होते. त्या मला कुणाला हात लावू देत नसत. वापर झाला की मऊ ब्रशने साफ करत. एकदा एका नव्या कारकुनाने माझ्या भोकात अडकलेला दाणा टाचणीने काढायला घेतला, तेव्हा त्याला जे ऐकावे लागले ते तो निवृत्त होईपर्यंत विसरला नाही.

कामाचे ते दिवस फार चांगले होते. कुणाच्या मालाबद्दल तंटा झाला की संघटना तीन पंच नेमी. हे पंच तिसऱ्याच देशांतले असत, म्हणजे कुणाचे ना सगेसोयरे ना हाडवैरी. माल जहाजावर चढण्याआधी त्याचे नमुने सीलबंद पिशव्यांत काढलेले असत. एक पिशवी विकणाऱ्याकडे, एक घेणाऱ्याकडे आणि एक आमच्या कपाटात. मोजपट्टी आमची पिशवी फोडत, तीळ माझ्यात ओतत, चाळत, आणि खाली किती पडले ते सांगत. तो आकडा शेवटचा. मग कोर्ट नाही, कचेरी नाही, वर्षानुवर्षांच्या तारखा नाहीत. सगळे माझ्याकडे बघून गप्प बसत. खोटे कशाला सांगू, मला त्याचा फार अभिमान वाटे.

चाळायचे कसे, तेही नियमात लिहिलेले होते. ‘तीळ चाळणीत घ्यावेत आणि खाली काही पडेनासे होईपर्यंत चाळणी हलवावी.’ किती साधे वाक्य. ते कितीतरी भाषांत गेले आणि प्रत्येक भाषेत तितकेच साधे दिसत राहिले. त्यात काही खोट असेल असे कुणाच्या स्वप्नातही आले नाही.

मग ते प्रकरण आले.

दूरच्या एका देशात दोन बहिणींची तीळ निवडायची शेड होती. थोरलीला शेडमधल्या सगळ्या बायका ‘ताई’ म्हणत, म्हणून मीही तिला ताईच म्हणेन. धाकटीला सगळे धाकटीच म्हणत. तीळ वाळवायचे, निवडायचे, चाळायचे, पोती शिवायची, अशी त्या शेडवर बऱ्याच घरांची चूल अवलंबून होती. त्यांचा माल एका बेकरीवाल्याकडे जाई. हा गृहस्थ पावावर तीळ लावून विकायचा आणि ताईच्या तिळांवर त्याचा इतका विश्वास, की पोते उघडून बघायचेही त्याने सोडून दिले होते. त्या वर्षी त्याला जहाजांच्या स्वयंपाकघरांची मोठी मागणी मिळाली. जहाजवाले म्हणाले, तीळ नियमाप्रमाणे चाळून दाखव. त्याने आयुष्यात पहिल्यांदाच ताईचा माल चाळला आणि कपाळाला हात लावला.

कराराप्रमाणे शंभर भागांत दोन भागांहून जास्त खाली पडायला नको होते. त्याच्या चाळणीतून सहा-सात भाग पडले. ताईने आपली पिशवी आपल्या चाळणीने चाळली, तर जेमतेम एक. दोघांच्या चाळण्या माझ्या सख्ख्या बहिणी. दोघांच्या पिशव्या एकाच मालाच्या. बेकरीवाल्याला वाटले ताईने फसवले. ताईला वाटले बेकरीवाल्याला माल नको झालाय आणि तो निमित्त शोधतोय. फोनवर मोडक्यातोडक्या परक्या भाषेत असे काही बोलणे झाले की दोघांनीही रिसीव्हर आपटले. पोती तिकडे बंदराच्या गोदामात पडून राहिली. दमट हवेत तीळ फार दिवस राहिले तर खवट होतात.

खरा प्रश्न मात्र पोत्यांचा नव्हता. संघटनेकडे भरवशाच्या सभासदांची यादी असते. ज्या गावचे नावही ऐकलेले नाही, तिथल्या माणसाकडून माल मागवताना लोक आधी ती यादी बघतात. खोटा माल दिला असे पंचांनी ठरवले, तर यादीतून नाव जाते. ताईचे नाव गेले असते तर समुद्रापलीकडच्या कुणी तिच्याशी पुन्हा व्यवहार केला नसता, आणि शेड बंद पडली असती. तिच्या एवढ्या वर्षांच्या कष्टांची किंमत आता त्या यादीतल्या एका ओळीवर येऊन ठेपली होती.

संघटनेच्या वार्षिक सभेचे दिवस होते. देशोदेशीचे सभासद येणारच होते, म्हणून पंचांनी दोघांनाही तेव्हाच बोलावले. मोजपट्टींनी आदल्या दिवशी आमची पिशवी माझ्यात चाळून ठेवली होती. आकडा आला दोनहून थोडासाच जास्त. ना बेकरीवाल्याइतका, ना ताईइतका. पण दोनच्या वर म्हणजे वर. नियमाने ताई हरली होती, फक्त तसे जाहीर करायचे राहिले होते.

त्या सकाळी दोघी बहिणी माझ्या कपाटाशेजारच्या बाकावर बसल्या होत्या.

“ताई, ऐक माझं,” धाकटी म्हणाली. “किंमत थोडी कमी कर आणि विषय संपव. बेकरीवाले ऐकतील. माणूस वाईट नाही.”

“किंमत कमी केली म्हणजे मी लबाडी कबूल केली,” ताई म्हणाली. “शेडमधल्या बायकांना काय तोंड दाखवू? त्यांनी डोळ्यांत तेल घालून निवडलाय तो माल.”

“आणि नाव गेलं तर?”

“जाऊ देणार नाही.”

ती हे मोठ्याने म्हणाली नाही. डब्यातला शेवटचा घास खाताना म्हणावे तसे सहज म्हणाली. पण तेव्हाच मला कळले, की माझ्यासारखा हट्टी जीव या इमारतीत आणखी एक आला आहे.

आतल्या खोलीत तीन पंच, मोजपट्टी, बेकरीवाला आणि दुभाष्या बसले होते. हा दुभाष्या मोठा गमतीचा माणूस. त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. जेवणाच्या सुट्टीत तो अख्ख्या इमारतीच्या बातम्या सगळ्या भाषांत पोहोचवी. त्या दिवशी त्याने ताईला आत येता येता सांगूनही टाकले की बेकरीवाले भट्टी जावयाच्या हाती देऊन आले आहेत आणि तिकडे पाव करपत असतील या काळजीने त्यांना झोप नाही.

आधी माझीच झडती झाली. पंचप्रमुख म्हणाले, चाळणीच खोटी नसेल कशावरून? मला आयुष्यात पहिल्यांदाच असे कुणी म्हटले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मोजपट्टींनी मापाची सळई घेतली आणि पंचांसमोर भोकामागून भोक तपासले. मी खरी निघाले. दोघांनी आणलेल्या माझ्या बहिणीही खऱ्या निघाल्या.

“म्हणजे चाळण्या खऱ्या आहेत, पिशव्या फोडल्या तेव्हा सीलं शाबूत होती,” पंचप्रमुख म्हणाले. “मग या खोलीत कुणीतरी खोटं बोलतंय.”

“आकडे आणलेत, माणसं आणलीत,” ताई म्हणाली. “तर मग आकडा इथंच काढू द्या. या चाळणीनं, तुमच्या डोळ्यांसमोर. आधी ते, मग मी.”

नियमात याला मनाई नव्हती. मोजपट्टींनी नमुन्यातले उरलेले तीळ मोजून माझ्यात घातले आणि मला बेकरीवाल्याच्या हाती दिले. त्याचे हात मोठे होते आणि नखांच्या कडांना पीठ होते. त्याने मला डाव्या हातात धरले आणि उजव्या तळव्याने माझ्या कड्यावर मारायला सुरुवात केली. थप, थप, थप. मला हे अगदी नवीन होते. कचेरीत मला नेहमी मोजपट्टीच चाळत, आणि असे मला कुणी कधी बडवले नव्हते. प्रत्येक थपडेसरशी तीळ उडत, उभे राहत आणि टोकाकडून माझ्या भोकात घुसत. तिळाचा दाणा चपटा असतो. आडवा असला तर तो माझ्या भोकावरून सरकत जातो. उभा राहिला की चांगला भरलेला दाणाही सटकतो.

ताई खुर्चीतून उठली.

“अहो, हे काय करताय? मारताय काय तिला?”

दुभाष्याने सांगितले. बेकरीवाला बिचारा गोंधळून थांबला.

“मी हलवतोय,” तो म्हणाला. “नियमात तसंच लिहिलंय.”

दुभाष्याने तेही सांगितले. ताईने मला त्याच्या हातातून घेतले, तीळ परत वर ओतले, मला दोन्ही हातांत आडवे धरले आणि संथ गोल फिरवू लागली. तीळ माझ्या अंगावरून गोल गोल वाहू लागले. खाली पडली ती फक्त धूळ, बारीक माती आणि थोडे फोलपट.

“हलवणं याला म्हणतात,” ती म्हणाली.

आता दुभाष्याने बोलायला हवे होते, पण तो गप्प बसला. त्याला गप्प बसलेले त्या इमारतीत कुणी पाहिले नव्हते. त्याने एकदा ताईच्या हातांकडे पाहिले आणि एकदा बेकरीवाल्याच्या.

“माझ्याकडे दोन्ही बाजूंना एकच शब्द आहे,” तो शेवटी म्हणाला. “हलवणं. यांच्या भाषेत चाळणी हलवायची म्हणजे आपटायची. त्यांच्या भाषेत म्हणजे घोळायची. नियमाचं भाषांतर बरोबर आहे. अगदी बरोबर आहे, तरी हे झालं.”

मित्रांनो, सगळा घोळ त्या घोळण्यावरून झाला होता. खोलीत कुणीच खोटे बोलत नव्हते. बेकरीवाल्याने खाली पडलेले तीळ चिमटीत घेतले, तोंडात टाकले आणि चावून पाहिले.

“हे चांगले तीळ आहेत,” तो म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “मला मातीची भीती होती. हे तर चांगले तीळ आहेत. मी घेतो माल. फोनवर बोललो ते परत घेतो.”

मला वाटले, झाले. धाकटीनेही सुस्कारा सोडला. पण पंचप्रमुख मान हलवत होते.

“तुम्ही माल घ्या, आनंद आहे. पण आकडा मॅडमचा धरायचा आणि तो दोनच्या वर आहे. नियम आम्हाला बदलता येत नाही. तो सभासदांच्या सभेतच बदलतो, आणि यंदाची विषयपत्रिका बंद झाली. पाच देशांच्या सभासदांनी एकत्र मागणी केली तरच नवा विषय घेता येतो.”

“घ्या ना एवढ्यावर मिटवून,” बेकरीवाला ताईला म्हणाला. “मी तर नेहमी तुमचाच माल घेणार.”

“तुम्ही घ्याल हो,” ताई म्हणाली. “पण यादीतून माझं नाव जाईल त्याचं काय? आणि उद्या दुसरा कुणी तिसऱ्याच कुणाचा माल आपटेल त्याचं काय?” मग ती पंचप्रमुखांकडे वळली. “सभासद आत्ता कुठे आहेत?”

“खालच्या मोठ्या दालनात. जेवताहेत.”

ताईने मला काखेत मारले आणि ती चालू लागली. मोजपट्टींच्या परवानगीशिवाय मला कुणी त्या खोलीबाहेर नेलेले नव्हते. त्या उठल्या, त्यांनी तोंड उघडले, आणि मग काय वाटले कुणास ठाऊक, त्या स्वतःच दार धरून उभ्या राहिल्या. बेकरीवाल्याने गोदामातून आणून टेबलाखाली ठेवलेली तिळांची मोठी पिशवी खांद्यावर टाकली आणि तो आमच्या मागे जिना उतरू लागला. त्याच्या मागे दुभाष्या आणि धाकटी.

दालनात टेबलाटेबलाला वेगवेगळ्या देशांची माणसे बसली होती. ताईने पहिल्या टेबलावरच्या बशा बाजूला सारल्या, मला मधोमध ठेवले आणि बेकरीवाल्याने मूठभर तीळ माझ्यात टाकले.

“चाळून दाखवा,” ती म्हणाली. “तुमच्याकडे चाळतात तसं.”

लोक आधी हसले. मग एकाने मला पुढेमागे ओढले. दुसऱ्या टेबलावरच्या एका वयस्क व्यापारी बाईने तीळ पाखडल्यासारखे वर उडवले. तिसऱ्याने बोटांच्या पेरांनी ठोकले. एकाने मला तिरके धरून फुंकर मारली. मी टेबलावरून टेबलावर जात राहिले, आणि दर वेळी खाली वेगळाच ढीग पडत राहिला. दर वेळी कुणी ना कुणी मान ताठ करून काहीतरी म्हणत होते. दुभाष्याने काही टेबलांपर्यंत निमूटपणे भाषांतर केले आणि मग हात वर केले.

“आता मी थांबतो,” तो म्हणाला. “सगळे एकच वाक्य बोलताहेत. आमच्याकडे असंच चाळतात.”

यावर पुन्हा हशा झाला, पण तो लवकर विरला. माणसे आपापल्या ढिगांकडे आणि शेजारच्याच्या ढिगाकडे पाहू लागली. कुणाला एखादा जुना तंटा आठवला असेल, कुणाला परत पाठवलेला माल. एका कोपऱ्यातला जाडजूड घाऊक व्यापारी मात्र पाय पसरून बसला होता.

“ज्यानं त्यानं आपल्या पद्धतीनं चाळावं,” तो म्हणाला. “त्यात एवढं काय?”

“मग चाळणी एकच कशाला केली?” बेकरीवाला म्हणाला. तो भाषण करणारा माणूस नव्हता, त्याचे कान लाल झाले होते. “मी या बाईंना लबाड म्हटलं. माझ्याकडे खरी चाळणी होती, खरा आकडा होता, आणि मी चुकीचं बोललो. तुमच्यावर ही पाळी आली की तुम्ही काय कराल?”

घाऊक व्यापाऱ्याने पाय आवरले. पाचच काय, त्याहून जास्त देशांनी मागणी केली. सभा दुपारीच भरली. आता घोळायचे म्हणजे डावीकडून उजवीकडे की उजवीकडून डावीकडे, यावर अर्धी दुपार गेली. मोठी माणसे कशाकशावर भांडू शकतात ते तुम्हाला सांगून पटायचे नाही. शेवटी मोजपट्टी उभ्या राहिल्या. त्यांनी मला आडवे धरून फिरवून दाखवले, आणि शेवटी सवयीने माझ्या कड्यावर हळूच दोन टिचक्या मारल्या. मारल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

“या मला कुणी शिकवल्या नव्हत्या,” त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. “काल मी त्या मारल्या, म्हणून आकडा दोनच्या वर गेला. आजपासून बंद.”

हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. नियम असा ठरला: ‘चाळणी आडवी धरून संथ गोल घोळावी. आपटू नये.’ मग मोजपट्टींनी आमच्या नमुन्याच्या पिशवीतले तीळ भरल्या सभेत पुन्हा चाळले. टिचक्या न मारता. आकडा दोनच्या खाली आला, चांगलाच खाली. पंचप्रमुखांनी ताईचे नाव यादीत कायम असल्याचे जाहीर केले, तेव्हा धाकटीला रडू फुटले. ताईने फक्त एक पेला पाणी मागितले आणि तो उभ्या उभ्याच पिऊन टाकला. मग तिने बेकरीवाल्याला विचारले, की गोदामातली पोती आजच्या आज हलतील का. हलवण्याच्या या नव्या अर्थावर दुभाष्या एवढा हसला की त्याला बाहेर जावे लागले.

एका शब्दाने फसवले, म्हणून सभासदांनी आणखी एक गोष्ट केली. माझ्या आणि माझ्या सगळ्या बहिणींच्या कड्यावर गोल वळणारा एक बाण कोरून घेतला. त्याला भाषांतर लागत नाही. कोरताना दुखले, पण त्या बाणाइतका मोठा सन्मान मला पुन्हा मिळाला नाही.

पुढे दिवस पालटले. आडवे घोळणारे यंत्र आले. मोजपट्टी निवृत्त झाल्या. यंत्र माझ्याहून झटपट काम करते आणि कधी थकत नाही, हे मी मान्य करते. पण मला कपाटातून काढून कुठे नेले असेल? नव्या सजावटकाराने मला बाहेरच्या भिंतीवर टांगले आणि माझ्यामागे दिवा लावला. समोरच्या भिंतीवर उजेडाचे ठिपके पडत आणि पाहुणे म्हणत, किती छान. माझ्या भोकांत धूळ साचली आणि दिव्याच्या उष्णतेने पितळ काळवंडले. कुणी माझे नाव विचारत नव्हते, काम विचारत नव्हते. मला फार वाईट वाटे, ते सांगायला मी लाजत नाही. तरी मी माझे माप धरून राहिले.

मग एका सभेला ताई आली. केस पांढरे झाले होते, धाकटीच्या हाताला धरून चालत होती. ती माझ्यासमोर थांबली.

“हिला दिवा कुणी केलं?” तिने विचारले.

नवे सचिव लगबगीने पुढे आले. आता यंत्र आहे, असे त्यांनी आदबीने समजावून सांगितले.

“आणि यंत्राची चाळणी झिजली तर ते कुणाला विचारणार?” ताई म्हणाली.

ताईने धाकटीला खुर्चीवर चढवले, मला खाली उतरवून घेतले आणि रुमालाने माझी धूळ पुसली. कड्यावरच्या बाणावरून तिने एकदा बोट फिरवले. त्याच सभेत तिने उभे राहून विषय मांडला आणि तो मंजूर होईपर्यंत ती खाली बसली नाही. आता मी यंत्राशेजारच्या कपाटात असते. सकाळी काम सुरू करण्याआधी यंत्र माझ्यासमोर पडताळले जाते. माझी भोके मऊ ब्रशने साफ होतात. मी पुन्हा कामावर आहे.

मित्रांनो, माझे तुम्हाला एवढेच सांगणे आहे. दूरच्या माणसाशी तुमचा हिशोब जुळला नाही, तर त्याला लबाड म्हणण्याआधी त्याला एका टेबलाशी बोलवा. त्याची चाळणी बघा, त्याचे हातही बघा. अशी टेबले जगात थोडी आहेत आणि ती मोडायला वेळ लागत नाही. ती सांभाळा. आणि कधी माझ्या कचेरीत आलात, कुणी मला तुमच्या हातात दिले, तर कड्यावरचा बाण आधी नीट पाहा, दोन्ही हातांनी मला आडवे धरा आणि संथ घोळा. आपटू मात्र नका.